टॉरेंट ‘बंद’ केलं तरी नेट रांगतंय? लक्षणं, तपासण्या आणि हात कुठे आवरायचा

मिरजेत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. शिवाय एका स्थानिक केबल-नेटवाल्याची ‘जरा घरी जाऊन बघा’ प्रकारची कामंही माझ्याकडे येतात. महिन्याला तीन-चार वेळा एकच दुखणं निघतं. गिऱ्हाईक म्हणतं नेट खराब, लाइनमन म्हणतो लाइन ठीक, आणि दोघंही खरं बोलत असतात. तेच तेच फोनवर सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

लक्षणं

सगळी एकदम दिसतील असं नाही. तीन जुळली तरी पुढचं वाचा.

- स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड बरं, अपलोड मेलेलं, आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) तीन आकडी.
- व्हिडिओ कॉलवर तुम्हाला समोरचा छान दिसतो, पण त्याला तुमचा आवाज तुटक ऐकू येतो.
- नवीन पान उघडायला आठ-दहा सेकंद लागतात, एकदा उघडलं की भरभर चालतं.
- घरातला एक ठरावीक पीसी बंद केला की सगळ्यांचं नेट सुधारतं.
- राऊटर दिवसातून एकदोनदा लटकतो. बंद-चालू केला की थोडा वेळ बरा.
- डेटाचा कोटा महिना संपायच्या आत संपतो आणि ‘आम्ही तर एवढं काही बघत नाही’ असं घरातला प्रत्येक जण सांगतो.
- पीसीवर कुणी बसलेलं नसताना हार्डडिस्कचा दिवा लुकलुकतो.
- किंवा उलटं दुखणं: टॉरेंट (एकमेकांच्या पीसीतून तुकड्यातुकड्यांनी फाईल उतरवायची पद्धत) ९९.७ टक्क्यांवर येऊन चार दिवस तिथेच.

दिवाळीनंतर ब्राह्मणपुरीतल्या एका काकांकडे गेलो होतो. मुलगी बंगळुरूला, रोज रात्री नऊला तिचा कॉल, आणि रोज ‘बाबा, आवाज येत नाहीये’. लाइनमन दोनदा येऊन गेलेला, वायर बदलून झाली, राऊटरही नवा. मी टेस्ट लावली: डाउनलोड ३८, अपलोड ०.४, पिंग ८७०. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाजवळचा छोटा बाण दाबला तर आत टॉरेंट क्लायंट, म्हणजे टॉरेंट चालवणारा प्रोग्रॅम, आरामात बसलेला. नातू सुट्टीत आला होता, त्याने एक सहा जीबीचा गेम उतरवला, खेळला आणि गेला. क्लायंट मात्र गेला नव्हता. त्या एका टॉरेंटसमोर रेशो होता ४१. म्हणजे सहा जीबी घेऊन काकांच्या घरातून २४६ जीबी जगाला वाटले गेले होते. एक्झिट दाबलं, परत टेस्ट लावली: अपलोड ९.६, पिंग १४. काका म्हणाले, “अरे, पण आम्ही तर काही पाठवतच नाही कुणाला!”

असं का होतं

काकांचं हे वाक्य हेच या आजाराचं मूळ आहे. साध्या वेबसाइटवर एक मोठा सर्व्हर देतो आणि आपण घेतो. पी-टू-पीमध्ये (पीसीने थेट पीसीला द्यायची पद्धत, टॉरेंट त्यातलंच) असा दुकानदार नसतो. ज्यांनी फाईल घेतली, किंवा निम्मी घेतली, तेच पुढच्याला देतात. आमच्या भागात शेतकामाला पैरा करतात, आज तुझे बैल माझ्या रानात आणि उद्या माझे तुझ्या. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट लिहिलं, त्यात हाच पैरा गणिताने बसवलाय. फाईलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा हॅश (गणिताने काढलेला ठसा, तुकडा बदलला की ठसाही बदलतो) आधीच नोंदवून ठेवायचा, जो तुकडा कमी लोकांकडे आहे तो आधी मिळवायचा, आणि जो आपल्याला देतो त्याला आपण आधी द्यायचं. नुसतं घेणाऱ्याला क्लायंट थोडा वेळ कोंडून ठेवतो. त्यामुळे टॉरेंटवर ‘फक्त डाउनलोड’ असं काही नसतंच. पहिला तुकडा हातात पडला की तुमचा पीसी दुसऱ्याचा सर्व्हर झाला.

आणि तुम्ही सर्व्हर आहात हे बाहेर सगळ्यांना ठाऊक असतं. १९९९ च्या नॅपस्टर या गाणी वाटणाऱ्या जाळ्यात कुणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. कोर्टाने तिथे बोट ठेवलं आणि २००१ मध्ये ते जाळं बंद पडलं. पुढच्यांनी मग ती यादीच वाटून टाकली. आज ट्रॅकर (कुणाकडे कोणती फाईल आहे हे सांगणारा सर्व्हर) बंद असला तरी डीएचटी नावाच्या, लाखो पीसींमध्ये विखुरलेल्या वहीतून तुमचा आयपी पत्ता सापडतो. क्लायंट बंद केल्यावरही काही तास लोक तुमचं दार वाजवत राहतात ते यामुळेच. त्याला घाबरू नका, राऊटर ती थाप ऐकून सोडून देतो.

आता अपलोड भरल्यावर डाउनलोडही का रडतं? तुमच्याकडे येणाऱ्या डेटासाठी तुमच्या पीसीला सतत ‘मिळालं’ अशी पोचपावती परत पाठवावी लागते. ती जाते अपलोडच्या वाटेने. त्या वाटेवर गेमच्या तुकड्यांची रांग लागलेली असेल तर पोचपावती रांगेत मागे उभी राहते, आणि समोरचा सर्व्हर पावती येईपर्यंत हात आखडतो. बिटटॉरेंटवाल्यांनी यावर यूटीपी नावाचा भिडस्त प्रोटोकॉल काढला, तो रांग वाढली की स्वतः मागे सरतो. पण स्वस्तातल्या राऊटरसमोर त्याचा भिडस्तपणा दरवेळी पुरत नाही.

तपासणी १: घड्याळाजवळचा बाण. खर्च शून्य, वेळ एक मिनिट

खिडकीच्या कोपऱ्यातली फुली म्हणजे बंद, असं आपण धरून चालतो. बऱ्याच टॉरेंट क्लायंटमध्ये फुली दाबली की प्रोग्रॅम फक्त ट्रेमध्ये, म्हणजे त्या बाणाखाली, सरकतो आणि फायली वाटत राहतो. तिथल्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘एक्झिट’ घ्या. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन क्लायंटचं नाव डिसेबल करा, नाहीतर उद्या पीसी सुरू झाला की हा परत हजर. लगेच स्पीड टेस्ट लावा. अपलोड आणि पिंग सुधारले तर दुखणं सापडलं, सरळ तपासणी ४ वर जा.

मला येणाऱ्या दहा तक्रारींपैकी निदान सहा इथेच संपतात.

तपासणी २: पाठवतंय कोण, ते नावानिशी पकडा

ट्रेमध्ये काही नाही, तरी अपलोड खाल्लं जातंय? विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर आधीपासून असतो. स्टार्टमध्ये शोधा, नेटवर्क टॅब उघडा आणि ‘सेंड’ या रकान्यावर क्लिक करा. सगळ्यात जास्त पाठवणारा प्रोग्रॅम वर येईल. दोन मिनिटं शांतपणे बघत बसा, आकडे खालीवर होत राहतात. ही तपासणी महत्त्वाची, कारण इथून पुढे अंदाज संपतो. अँटिव्हायरसवर, लाइनवर किंवा शेजाऱ्यावर आळ घेण्याआधी नाव समोर आलेलं असतं.

इथे साधारण तीन प्रकारचे पाहुणे सापडतात.

पहिला, खुद्द विंडोज. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने अपडेट वाटायलाही पी-टू-पी वापरलंय, त्याचं नाव डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स या वाटेने तिथे पोचता येतं. ‘इंटरनेटवरच्या पीसींनाही’ असा पर्याय निवडलेला असेल तर तो ‘फक्त माझ्या लोकल नेटवर्कवर’ असा करा. पूर्ण बंद करायची गरज नाही. घरात तीन लॅपटॉप असतील तर एकाने आणलेलं अपडेट बाकीच्या दोघांना मिळतं, हा फायदाच आहे.

दुसरा, ‘फुकट सिनेमा’ दाखवणारा प्रोग्रॅम. २०१४ साली आलेल्या पॉपकॉर्न टाइमने ही वाट दाखवली. पडद्यावर पोस्टर दिसतं, क्लिक केलं की सिनेमा सुरू, पण आत चालतं टॉरेंटच. वापरणाऱ्याला टॉरेंट हा शब्दही दिसत नाही, आणि मग तो मला शपथेवर सांगतो की आमच्याकडे टॉरेंट नाही.

तिसरा जास्त वाईट. काही फुकट व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारे प्रोग्रॅम) तुमची लाइन दुसऱ्यांना वापरायला देतात. होला या व्हीपीएनबाबत २०१५ मध्ये हे उघड झालं होतं. फुकट वापरणाऱ्यांच्या जोडण्या वेगळ्या सेवेतून विकल्या जात होत्या. अशा वेळी तिसराच माणूस तुमच्या आयपीवरून काय करतोय हे तुम्हाला कळत नाही, आणि चौकशी आली तर ती तुमच्या दारात येते. सापडलं तर काढून टाका, इथे सेटिंग बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

तपासणी ३: घरातलं दुसरं यंत्र

पीसी निर्दोष निघाला तर राऊटरचं पान उघडा (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि जोडलेल्या यंत्रांची यादी बघा. अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, मुलाचा जुना फोन, पेइंग गेस्टचा लॅपटॉप, यांच्यातला एकेक बंद करत टेस्ट लावा. अनोळखी नाव दिसलं तर वायफायचा पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. राऊटरच्या पानाचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर तोही आत्ताच बदला.

तपासणी ४: वेसण

टॉरेंट वापरायचंच आहे, पण घरादाराला त्रास नको. ठीक आहे. मी स्वतः वापरतो. लिनक्सच्या आयएसओ फायली (इन्स्टॉल करायच्या डिस्कची अख्खी प्रत) आणि लिबरऑफिस मी टॉरेंटनेच उतरवतो. उबुंटू, डेबियनवाले स्वतः त्यांचं टॉरेंट देतात, इंटरनेट आर्काइव्हही देतं. मोठी फाईल मध्येच लाइन गेली तरी जिथे तुटली तिथून सुरू होते, हे आमच्यासारख्या लोडशेडिंग भोगलेल्यांना वेगळं सांगायला नको.

क्लायंट बंद असताना स्पीड टेस्ट लावा आणि अपलोडचा आकडा लिहून घ्या. समजा १० एमबीपीएस आला. हे मेगाबिट. क्लायंट मोजतो बाइटमध्ये, म्हणून आठने भागा: सव्वा एमबी, म्हणजे १२५० केबी सेकंदाला. त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आत राहायचं, तेव्हा अपलोड मर्यादेत ९०० लिहा. व्हिडिओ कॉल असेल त्या वेळेला ३०० पुरे. जुन्या तांब्याच्या लाइनवर अपलोड १ एमबीपीएसच्या आतच असायचं, तिथे हे गणित न करता टॉरेंट लावणं म्हणजे घरातल्यांशी भांडण विकत घेणं. आणि एक चूक हमखास होते: ‘अपलोडच नको’ म्हणून लोक तिथे शून्य लिहितात. बहुतेक क्लायंटमध्ये शून्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होतो!

मग सीडिंगला, म्हणजे फाईल पूर्ण उतरल्यावरही वाटत राहण्याला, लगाम. ‘रेशो १ झाला की थांब’ हा पर्याय लावा. जेवढं घेतलं तेवढं दिलं, पैरा फिटला.

शेवटी जोडण्यांची संख्या. क्यूबिटटॉरेंट या क्लायंटमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा मुळात ५०० असते. प्रत्येक जोडणीसाठी राऊटरला आपल्या तक्त्यात एक ओळ लिहून ठेवावी लागते, आणि केबलवाल्याने फुकट दिलेल्या राऊटरचा तक्ता छोटा असतो. तो भरला की नवीन पान उघडेनासं होतं, आणि बंद-चालू केल्यावर तक्ता कोरा होऊन राऊटर ‘बरा’ होतो. एकूण १०० आणि दर टॉरेंटला ३०-४० करून बघा. डाउनलोडच्या वेगात फरक पडलेला मला तरी जाणवलेला नाही.

एवढ्यावर राऊटर लटकायचा थांबला नाही तर एकदा त्याचं फर्मवेअर अपडेट करा. तरीही नाही, तर दुसऱ्याकडचा राऊटर एक दिवस मागून लावून बघा. त्याआधी नवा विकत घेऊ नका.

तपासणी ५: टॉरेंट अडकलंय? फायरवॉलला हात लावू नका

९९.७ वर अडकलेल्या टॉरेंटसाठी लोक फायरवॉल बंद करतात, राऊटरमध्ये डीएमझेड (बाहेरचं सगळं एका पीसीकडे सोडणारं सेटिंग) चालू करतात आणि यूट्यूबवर बघून सापडेल तो पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडतात. आधी क्लायंटमध्ये ‘अव्हेलेबिलिटी’चा आकडा बघा. तो ०.९९७ असेल तर याचा अर्थ साधा आहे: उरलेला तुकडा आत्ता जोडलेल्यांपैकी कुणाकडेच नाही. तुम्ही घराची सगळी दारं उघडी टाकलीत तरी जो तुकडा नाही तो कुठून येणार? वाट बघा किंवा ते टॉरेंट सोडा.

आकडा १ च्या वर असूनही हालत नसेल तर राऊटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (केबलवाल्याने राऊटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुमचा केबलवाला एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं ठेवतोय. अशा लाइनवर तुमच्या राऊटरमधला पोर्ट उघडून काही उपयोग नाही, बाहेरची थाप तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. आउटगोइंग जोडण्यांवर काम चालतं, थोडं हळू.

ज्यांनी आधीच डीएमझेड चालू केलंय त्यांनी आजच बंद करा. त्यामुळे सगळी बाहेरची रहदारी थेट पीसीवर येते. क्लायंटमधला ‘वेब यूआय’ही (ब्राउझरमधून क्लायंट चालवायची सोय) वापरात नसेल तर बंद. क्यूबिटटॉरेंटच्या जुन्या आवृत्त्यांत त्याचा पासवर्ड सगळ्यांसाठी एकच होता, ‘ॲडमिनॲडमिन’. क्लायंट अपडेटही ठेवा. ऑक्टोबर २०२४ च्या ५.०.१ आवृत्तीत क्यूबिटटॉरेंटने एक जुनी चूक दुरुस्त केली. तोवर तो काही डाउनलोड करताना समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्रच तपासत नव्हता.

तपासणी ६: आपण नेमकं काय वाटतोय

सायबर कॅफेच्या काळात लाइमवायर, कझा हे फायली वाटणारे पी-टू-पी प्रोग्रॅम जोरात होते. त्यात ‘शेअर फोल्डर’ निवडायचा असायचा आणि लोक घाईत अख्खं माय डॉक्युमेंट्स देऊन टाकायचे. मग बायोडेटा, पगाराच्या स्लिपा, पासपोर्टचे स्कॅन, सगळं जगाला खुलं. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जवळपास १०० संस्थांना कळवलं होतं की तुमच्याकडच्या लोकांची खासगी माहिती पी-टू-पी जाळ्यावर फिरतेय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोर्टाच्या आदेशाने लाइमवायर बंद झालं.

बिटटॉरेंटची रीत वेगळी आहे. तिथे टॉरेंटमध्ये नोंदवलेल्या फायलीच वाटल्या जातात, फोल्डरमधलं शेजारचं काही जात नाही. पण एमयूल, सोलसीक अशी फोल्डर शेअर करणारी मंडळी अजून आहेत. ती असतील तर शेअरची यादी उघडून स्वतः डोळ्यांनी वाचा. डाउनलोडसाठी वेगळा फोल्डर ठेवा, डेस्कटॉप नको.

तपासणी ७: आलेली फाईल

इथे थोडा वेळ द्या, कारण नेट हळू असण्याने पैसे बुडत नाहीत, याने बुडतात.

पहिला गैरसमज: ‘टॉरेंटने हॅश तपासलाय, म्हणजे फाईल चांगली.’ हॅश फक्त एवढंच सांगतो की मूळ टाकणाऱ्याने जे टाकलं तेच जसंच्या तसं तुमच्याकडे आलं. त्याने विष टाकलं असेल तर विषही अचूक, एकही बाइट न सांडता पोचतं. दुसरा गैरसमज सीडरच्या आकड्याचा. हजार जण वाटतायत म्हणजे हजार जणांनी तपासलंय असं नाही. काका आठवा.

विंडोज फायलीचं शेपूट लपवतं. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. मग ‘सिनेमा.एमपी४’ म्हणून दिसणारी फाईल खरं तर ‘सिनेमा.एमपी४.ईएक्सई’ आहे हे कळतं. चिन्ह व्हिडिओ प्लेअरचंच असतं, चिन्ह कुणीही चिकटवू शकतं. ईएक्सई, एससीआर, एलएनके, बीएटी, व्हीबीएस, एमएसआय यांपैकी काहीही ‘सिनेमा’ किंवा ‘पुस्तक’ म्हणून आलं तर डिलीट, उघडून बघायची हौस नको. पासवर्ड घातलेली झिप आणि शेजारी पासवर्डची टेक्स्ट फाईल दिसली तरी तेच. अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये यासाठीच तो पासवर्ड असतो. आणि ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ हे वाक्य कुठेही दिसलं की तिथेच थांबा.

आधीच चालवून बसला असाल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ची यादी बघा. न घातलेली नोंद, विशेषतः अख्खा सी ड्राइव्ह, तिथे दिसला तर कुणीतरी डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) डोळ्यांवर पट्टी बांधून गेलंय. नोंद काढा आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. पीसी रीस्टार्ट होऊन पंधराएक मिनिटं लागतात. विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं हातात लागतं.

लिनक्सची आयएसओ वगैरे असेल तर त्या प्रकल्पाच्या मूळ साइटवर दिलेला शा-२५६ हॅश जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल कमांडने निघतो. हा हॅश उपयोगाचा, कारण तो टॉरेंट टाकणाऱ्याने नाही, बनवणाऱ्याने दिलेला आहे. अर्थात मूळ साइटही कधी फसते. मार्च २०१६ मध्ये मॅकवरच्या ट्रान्समिशन या क्लायंटच्या अधिकृत साइटवरच २.९० आवृत्तीत केरेंजर नावाचं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) घुसवलेलं होतं. म्हणून बॅकअप, आणि तो पीसीला कायम जोडलेला नसलेल्या डिस्कवर.

इथे थांबा, स्वतः काही करू नका

फायलींच्या नावांना अनोळखी शेपूट लागलंय, फोटो उघडत नाहीत, प्रत्येक फोल्डरमध्ये ‘_रीडमी’ नावाची टेक्स्ट फाईल आणि तिच्यात ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर ४९०: हे स्टॉप-डीजेव्हीयू कुळातलं रॅन्समवेअर. क्रॅक आणि कीजेनमधून (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायच्या चोरट्या फायलींतून) येणारं सगळ्यात नेहमीचं. नेटची वायर काढा, बाहेरची डिस्क आणि पेनड्राइव्ह काढा, पैसे भरू नका आणि *फॉर्मॅट मारू नका*. एका फोटो स्टुडिओवाल्याने क्रॅक केलेलं एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं होतं. लग्नांचे चौदा अल्बम कुलूपबंद झाले. भेदरून त्याने आधी स्वतःच विंडोज टाकलं, मग डिस्क माझ्याकडे आणली. तोवर धमकीची फाईल आणि तिच्यातला आयडी दोन्ही गेलेलं, आणि तपासायलाही काही उरलं नव्हतं. एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या कुळाच्या १४८ प्रकारांवर फुकट उतारा काढलाय. नंतरच्या प्रकारांत ‘ऑफलाइन की’ने (अनेकांना लागलेली एकच किल्ली) कुलूप लागलं असेल तर कधीकधी सुटतं, ‘ऑनलाइन की’ (प्रत्येकाला वेगळी किल्ली) असेल तर सहसा नाही. पण दोन्हींसाठी कुलूपबंद फायली आणि ती चिठ्ठी जपलेली हवी. नो मोअर रॅन्सम या साइटवर प्रकार ओळखता येतो. त्यापुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

संशयित फाईल चालवल्यावर बँकेचा ओटीपी न मागता आला, किंवा मेलवर अनोळखी लॉगिन दिसलं, तर त्याच पीसीवर पासवर्ड बदलत बसू नका. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट घ्या, कारण चोर पासवर्डच्या जोडीने ब्राउझरच्या कुकीजही नेतो. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग बँक, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. माझ्याकडे त्यानंतर या.

पीसी ऑफिसचा असेल तर तपासणी १ च्या पुढे जाऊच नका. आयटीवाल्यांना सांगा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना अशा घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. तुम्ही गुपचूप साफसफाई केलीत तर नोंदी पुसल्या जातील आणि अडचण तुमची वाढेल.

चौथी वेळ कायद्याची. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं होतं की चोरीचा सिनेमा नुसता पाहणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा आहे. हे वाचून लोक निश्चिंत होतात. पण वर लिहिलंय ते जोडून वाचा: टॉरेंटवर घेताघेताच वाटप सुरू असतं, आणि वाटणाऱ्यांचे आयपी पत्ते त्या जाळ्यातल्या कुणालाही दिसतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवलाय. नोटीस आली तर डिस्क पुसून घ्यायला माझ्याकडे येऊ नका, मी ते करत नाही. वकिलाकडे जा.

बाकी कशासाठी फोन करणार असाल तर एवढं हाताशी ठेवा: क्लायंट चालू असतानाची आणि एक्झिट केल्यानंतरची स्पीड टेस्ट, दोन्हींचं अपलोड आणि पिंग, रिसोर्स मॉनिटरमध्ये सेंडच्या रकान्यात सगळ्यात वर दिसलेलं नाव, राऊटरचा वॅन आयपी, आणि हा त्रास सुरू झाला त्या आठवड्यात घरी पाहुणे कोण आले होते.